शुक्रवारच्या अळ्या

आमच्या कामाचा कच्चा माल दर सोमवारी सांगोल्याच्या एस.टी.ने यायचा, दुधाच्या किटलीतून. किटलीच्या तोंडाला ओलं फडकं बांधलेलं असायचं. कंडक्टर ती मोठ्या जिव्हाळ्याने स्वतःच्या सीटखाली ठेवून घ्यायचा, कारण आत ताजा खवा आहे अशी त्याची पक्की समजूत होती. आत मेंढीच्या लेंड्या असायच्या. आम्ही त्याला कधी खरं सांगितलं नाही, आणि आता तो निवृत्त झाला. हा अंक त्याच्या हाती पडलाच तर त्याने मला माफ करावं.

किटली घेऊन येणारे बिरामामा. सांगोल्याकडचे मेंढपाळ, साठीच्या पुढचे, आणि आकड्यांवर त्यांचा काडीइतका विश्वास नाही. उतरवून घेणारा महांतेश, आमचा लॅबमधला तंत्रज्ञ. तो दुधनीचा, घरी कानडी, बाहेर मराठी, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, तरी मला मॅडम म्हणायचा. आणि त्या लेंड्यांतून निघालेल्या आकड्यांवर पोट भरणारी मी, मशीन लर्निंग इंजिनिअर. नव्या औषधांचा शोध हे आमचं काम. असं सांगितलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पांढरा कोट आणि काचेची भिंत येते. आमची कंपनी अक्कलकोट रोड एमआयडीसीत आहे, टॉवेलच्या दोन कारखान्यांच्या मधोमध. खाली लॅब, मागे मेंढरांची शेड, वरच्या मजल्यावर मी आणि माझे दोन कॉम्प्युटर. जनावरांची औषधं करणारी छोटी कंपनी. मालक स्वतः जनावरांचे डॉक्टर, त्यामुळे सगळे त्यांना डॉक्टरच म्हणतात.

लेंड्यांतून औषध कसं सापडतं, हे मी लग्नाकार्यात इतक्यांदा सांगितलंय की आता माझे नातेवाईक जेवणाच्या पंगतीत माझ्या शेजारी बसत नाहीत. वाचकांना पळून जायची सोय आहे, म्हणून निर्धास्त सांगते. मेंढीच्या पोटात एक जंत असतो. दोऱ्याएवढा बारीक, लाल-पांढऱ्या पिळाचा. तो रक्त पितो, आणि एकेका पोटात असे हजारो. मेंढी आतून पांढरी पडत जाते. तिची खालची पापणी ओढून बघायची: तांबडी असेल तर ठीक, फिकी असेल तर सावध, पांढरी असेल तर आटोपलं. त्यावर औषधं आहेत, पण तीच ती पाजून पाजून जंत त्यांना सरावले. बिरामामांच्या भागात तर जुनी औषधं आणि पाणी यांत फरक उरला नव्हता. पाऊस होऊन ओढ्याकाठी हिरवं आलं की लोक आनंदतात. मामा मेंढरं तिथून लांब हाकायचे, कारण त्या गवतावरूनच जंत पोटात जातात. आदल्या वर्षी त्यांची निम्मी कोकरं त्यात गेली होती.

लेंड्या ओलसर आणि उबदार ठेवल्या की आठवड्याभरात त्यांतून जंताच्या अळ्या निघतात. शहाण्णव बारीक खळग्यांची एक प्लास्टिकची प्लेट असते. प्रत्येक खळग्यात थोड्या अळ्या आणि एकेक वेगळा रेणू, म्हणजे होऊ घातलेलं औषध. एक दिवस ठेवायचं आणि मग कॅमेऱ्याखाली धरायचं. अळ्या वळवळल्या तर रेणू बिनकामाचा, गप्प पडल्या तर कामाचा. त्या वळवळीचा आकडा काढायचा प्रोग्रॅम माझा. त्या आकड्यांवरून पुढचे रेणू निवडणारं मॉडेलही माझं. विकत मिळणारे रेणू लाखो, आणि आमची ऐपत आठवड्याला काही शे तपासायची. डाळिंबाचा जुना व्यापारी फळ न फोडता आतले दाणे कसे आहेत ते सांगतो, कारण त्याने आधी हजारो फोडलेली असतात. मॉडेलचं तसंच आहे. मात्र फोडताना जर कुणी त्याला खोटे दाणे दाखवले, तर तो जन्मभर खोटंच सांगत राहणार, आणि तेही मोठ्या आत्मविश्वासाने.

आता माझ्याबद्दल थोडं, आणि हे वाचकांनी लक्षात ठेवावं. मी विणकराच्या घरातली. घरात तेलुगू, गल्लीत मराठी. वडिलांचे आठ माग घराच्याच पुढच्या भागात होते, आणि माझा पाळणा त्याच भिंतीला लागून टांगलेला. अम्मा सांगते, माग चालू असले की मी ढाराढूर झोपायचे आणि माग बंद पडले की दचकून उठायचे. पुढे इंजिनिअर झाले, पुण्यात विम्याचे खोटे दावे पकडणारी मॉडेलं केली, वडील आजारी पडले म्हणून परत आले आणि जंतांच्या नादी लागले. फसवतंय कोण ते ओळखायचं, काम तेच, अशी माझी फुशारकी असे.

या कामात तीन चुका माझ्या हातून झाल्या. तिन्ही हुशारीतून झाल्या, हे विशेष.

पहिली. प्रत्येक प्लेटमध्ये काही खळगे बिनऔषधाचे ठेवायचे असतात, निरोगी अळ्या किती वळवळतात ते कळायला. पण अळ्या मोजक्याच निघायच्या. मी म्हटलं, रोज कशाला वाया घालवायच्या, सोमवारी एक प्लेट बिनऔषधाची करू आणि तोच आकडा आठवडाभर वापरू. डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली.

दुसरी. महांतेशने विचारलं होतं, "मॅडम, तक्त्यात वार लिहू का?" त्याच्या स्वतःच्या रजिस्टरमध्ये प्रत्येक पानावर वर श्री आणि त्याखाली तारीख-वार असतोच; दुधनीच्या पेढीवर त्याचे वडील तसं लिहायचे. मी म्हटलं, "रेणूला वार नसतो हो." आणि तो रकाना काढून टाकला.

तिसरी चूक कानाची. बेंगळुरूचे एक सल्लागार दर महिन्याला व्हिडिओवर आमचं काम बघायचे. दरवेळी ते विचारायचे, तुमच्याकडे काहीतरी सारखं खडखडतंय, बांधकाम चाललंय का? मी हसून नाही म्हणायचे आणि माझ्या बाजूचा आवाज बंद करायचे. शेजारच्या मागांचा तो आवाज मला ऐकूच येत नव्हता. पंख्याचा येतो का कुणाला?

सात-आठ महिन्यांत मॉडेलने कमाल केली. सुरुवातीला शंभरात एखादा रेणू अळ्यांना गप्प करायचा, मग पाच, मग पंधरा. मॉडेलला तेलकट, चिकट रेणूंची गोडी लागली होती. जितके तेलकट तितके चांगले, असं ते सांगायचं, आणि तपासलं की खरंच निघायचं. आलेख असा चढत होता की मी त्याची छपाई करून भिंतीवर लावली. डॉक्टरांनी पेढे वाटले. बिरामामांनी पेढा खाल्ला आणि विचारलं, "मेंढरू बरं झालं व्हय?" अजून नाही, म्हटलं. "मग पेढा कशाचा?" म्हणाले, पण दुसरा पेढा घेतला.

सगळ्यात वरचा रेणू घेऊन, प्राण्यांवरच्या प्रयोगाला लागते ती परवानगी काढून, आम्ही मामांच्याच सहा मेंढ्या मागच्या शेडमध्ये ठेवल्या. सगळ्या जंतांनी पछाडलेल्या. त्यांत एक काळ्या तोंडाची होती, कळपाच्या पुढे चालणारी, मामांची लाडकी. औषध पाजलं. आठ दिवसांनी महांतेशने लेंड्यांतली जंताची अंडी मोजली. होती तेवढीच. पुन्हा मोजली. तेवढीच.

मामा सोमवारी आले, काळतोंडीची पापणी ओढून बघितली आणि म्हणाले, हिला मी घरी नेतो, आमच्याकडचा पाला देऊन बघतो. मी आडवी आले. डॉक्टरही म्हणत होते की सोडून द्या, पण मला माझा आलेख दिसत होता. मी म्हटलं, "मामा, चार दिवस थांबा. आकडा खोटं बोलत नाही." मामांनी माझ्याकडे बघितलं आणि थांबले. माझ्या शब्दावर थांबले.

काळतोंडी तिसऱ्या दिवशी गेली. पाला देऊन ती वाचली असती असं डॉक्टरांना वाटत नाही, आणि हे ते मला बरं वाटावं म्हणून सांगतात की खरंच, ते मी आजवर विचारलेलं नाही. मात्र ती मामांच्या वाघरीत, जाळीच्या कुंपणात, मेली असती, आपल्या कळपात. ती माझ्या हट्टापायी सिमेंटच्या शेडमध्ये मेली, याची लाज मला अजून वाटते.

डॉक्टर भला माणूस. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले की गड्ड्याची जत्रा होईपर्यंत बघू, नाहीतर वरचा मजला पॅकिंगला देऊ. त्यांना जागा कमी पडते. तेव्हा गणपती नुकतेच गेले होते, म्हणजे संक्रांतीपर्यंत चार महिने. दुसऱ्याच दिवशी पॅकिंगचे साहेब टेप घेऊन माझी खोली मोजून गेले. माझ्या टेबलाची लांबीही मोजली. ती कशाला, कळलं नाही.

मामांनी निरोप पाठवला की उरलेली पाच मेंढरं न्यायला येतो. आणि ते आले शुक्रवारी. एरवी ते सोमवारशिवाय यायचे नाहीत. त्या दिवशी गावातल्या कुणाचा तरी टेम्पो सोलापूरला रिकामा येत होता, म्हणून.

मी शेडशी जाऊन उभी राहिले. मेंढ्या हौदावर वाकून पाणी पीत होत्या, घटाघटा. महांतेश काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, आज बऱ्या पितायत, एरवी पाण्याला नीट तोंड लावत नाहीत, आजारामुळे असेल. मामांनी त्याच्याकडे वळूनही बघितलं नाही. पाण्याकडे बघतच म्हणाले, "आजारानं न्हाय. हितलं पानी हलतंय रोज. मेंढरू हलत्या पान्याला तोंड लावत न्हाय. आज पानी गप हाय, म्हनून पित्यात."

मी विचारलं, आजच का गप्प आहे?

"शेजारचं कारखानं बंद हाय न्हवं आज. तुमाला ऐकू येत न्हाय व्हय, ताई?"

मी ऐकलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा मला शुक्रवार ऐकू आला. शेजारच्या दोन्ही कारखान्यांची आठवड्याची सुट्टी शुक्रवारी असायची. माग बंद, जमीन बंद, हौदातलं पाणी आरशासारखं. पाळण्यातल्या त्या पोरीला जे झोपेत कळायचं, ते मला चाळिशीत, दोन पदव्या आणि दोन कॉम्प्युटर असताना कळलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

मी महांतेशला विचारलं, तेलकट रेणू आपण कोणत्या वारी तपासतो? त्याने बोटांवर वार मोजले. मग म्हणाला, "शुक्रवारी, मॅडम. विरघळायला दोन-तीन दिवस घेतात, म्हणून ते मागं ठेवतो. सोपं आधी, अवघड शेवटी."

ज्यांना अजून उलगडलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. या अळ्यांना कुणी छेडलं नाही की त्या निवांत पडून राहतात, मेल्यासारख्या. सोमवार ते गुरुवार मागांच्या धक्क्याने जमीन थरथरायची, टेबल थरथरायचं, आणि अळ्या वळवळत राहायच्या. शुक्रवारी सगळं शांत, अळ्या झोपलेल्या. माझा प्रोग्रॅम म्हणायचा, मेल्या! तुलना सोमवारच्या आकड्याशी, म्हणजे माग चालू असतानाच्या. शुक्रवारी असायचे तेलकट रेणू, म्हणून मॉडेल म्हणायचं, तेलकट चांगले, आणखी द्या. आणखी दिले की तेही शुक्रवारीच तपासले जायचे. कुत्र्याने स्वतःचं शेपूट पकडावं तसं ते चाललं होतं, आणि मी त्या शेपटाचा आलेख भिंतीवर लावला होता.

पण हे सगळं अजून माझ्या डोक्यातच होतं. महांतेशने लगेच शंका काढली, आणि ती बरोबर होती: शुक्रवारपर्यंत अळ्या चार दिवसांच्या होतात, नुसत्या थकल्या असतील तर? मागांचा दोष की वयाचा, ते ठरवायचं कसं? माग चालू असताना बंद करायला कुठला मालक तयार होणार? पण बंद असताना चालू करणं जमण्यासारखं होतं.

मी पळतच शेजारी गेले. सुट्टीच्या दिवशी फोरमन नरसय्याकाका मागांना तेल द्यायला एकटेच येतात. वडिलांच्या ओळखीचे. मी धापा टाकत तेलुगूत सांगितलं की भिंतीलगतचे चार माग दहा मिनिटं चालू करा. ते हातातली तेलाची बुधली खाली ठेवून म्हणाले, "बिड्डा, सुट्टीच्या दिवशी माग लावायला सांगणारी तू पहिलीच. टॉवेल हवाय का?" मी म्हटलं, जंत जागे करायचेत. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, वडिलांची तब्येत विचारली, आणि तुझा फोन आला की लावतो म्हणून बटणाकडे गेले.

लॅबमध्ये महांतेशने एक प्लेट कॅमेऱ्याखाली ठेवली होती. सगळे खळगे बिनऔषधाचे, एकाही अळीला काही दिलेलं नाही. पडद्यावर अळ्या काड्यांसारख्या सरळ पडलेल्या. बिरामामा माझ्या मागे येऊन उभे होते. मेंढरं टेम्पोत चढवायची राहिली होती. मी फोनवर म्हटलं, काका, लावा.

भिंतीपलीकडे खडखडाट सुरू झाला. पहिल्यांदा काहीच झालं नाही. मग एका खळग्यात एक अळी वळली. मग तिच्या शेजारची. मग अख्खी प्लेट वळवळायला लागली, शहाण्णवच्या शहाण्णव खळगे. मी म्हटलं, काका, बंद करा. वाट पाहिली. हळूहळू एकेक अळी सरळ झाली आणि पडून राहिली. पुन्हा लावा. पुन्हा वळवळ. महांतेश कानडीत काहीतरी पुटपुटला, देवाचं नाव होतं. मी रडत होते, आणि सांगायला हरकत नाही, आनंदाने रडत होते. आठ महिन्यांचं काम मातीत गेलं होतं, आणि मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. आकडा खोटं बोलतच होता. पण का बोलत होता ते मला कळलं होतं.

मामांनी पडद्यावरच्या एका अळीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "म्हंजी ती मेली न्हवती. निजली हुती."

हो, म्हटलं.

"आन माझी काळतोंडी?"

मी चूक कबूल केली, सरळ, डॉक्टरांच्या आधी त्यांच्याजवळ. मामा शेडकडे वळले. मेंढरं टेम्पोत चढवली आणि गेले. पण सोमवारी किटली आली.

डॉक्टरांना सांगणं त्या मानाने सोपं गेलं. मी तिन्ही चुका कागदावर लिहून नेल्या. त्यांनी कागद वाचला, उलटा करून बघितला, मागे काही नव्हतं. म्हणाले की मुदत तीच, जत्रेपर्यंत. पण हे तुम्ही स्वतः येऊन सांगितलंत म्हणून पॅकिंगवाल्यांना टेप घेऊन पुन्हा पाठवणार नाही.

मग आम्ही कामाला लागलो. माग थांबवणं आमच्या हातात नव्हतं आणि जमीन बदलता येत नव्हती. महांतेशने उलटा विचार केला. थरथर टाळायची कशाला, सगळ्यांना सारखीच देऊ. नरसय्याकाकांकडून सुताच्या कांड्या भरायच्या जुन्या यंत्राची एक मोटर आणली आणि प्लेटच्या ट्रेखाली अशी बसवली की चित्रणाआधी ट्रे दहा सेकंद गदागदा हलावा. झोपलेली असेल ती उठेल, मेलेली असेल ती पडून राहील. इतकं साधं. परदेशी कंपन्यांत याला मोठं यंत्र असतं म्हणे. आमच्याकडे एक मोटर, एक रबराचा पट्टा आणि महांतेश. बिनऔषधाचे खळगे आता प्रत्येक प्लेटमध्ये. आणि महांतेशच्या रजिस्टरवरून, प्रत्येक पानावरच्या श्रीखालचा वार बघून, मी जुन्या सगळ्या आकड्यांना वार लावले. त्याने ते लिहून ठेवले नसते तर आम्हाला काय तपासायचं हेही कळलं नसतं. मी त्याची माफी मागितली तर म्हणाला, मॅडम, वार नसतो कुणाला?

जुनी यादी उलटीपालटी झाली. वरचे तेलकट बहाद्दर एकेक करून जागे होत गेले. ट्रे हलला की वळवळ. मी आलेख भिंतीवरून काढला नाही. तिथेच त्यावर लाल पेनाने काट मारली. आणि अगदी खालून, मंगळवारी तपासलेला, मी सामान्य म्हणून बाजूला सारलेला एक रेणू वर आला. मागांच्या सगळ्या धक्क्यांतही त्याने बऱ्याच अळ्यांना शांत केलं होतं, पण शुक्रवारच्या खोट्या विजेत्यांपुढे तो फिका दिसायचा. मॉडेल नव्याने शिकवलं, त्याची भावंडं शोधली, आणि त्यांत एक सापडलं. ते पूर्वी कुणीतरी माणसांच्या दुसऱ्याच आजारासाठी तपासून, विषारी नाही पण उपयोगीही नाही म्हणून सोडून दिलेलं होतं. आमच्या ट्रेवर ते घातलं तर अळ्या दहा सेकंद गदागदा हलवूनही काडीसारख्या पडलेल्या. महांतेशने वीस सेकंद हलवलं. मग अर्धं मिनिट. मग स्वतःच्या हाताने प्लेट उचलून हलवली. एकही उठली नाही.

आता पुन्हा मेंढ्या हव्या होत्या, आणि दुधाने तोंड पोळलेल्या मामांना ताक कसं पाजायचं? डॉक्टरांनी परवानगी नव्याने मिळवली आणि मला म्हणाले, तुम्हीच जा. मी सांगोल्याला गेले. मामा डाळिंबाच्या एका बागेशेजारी मेंढरं घेऊन बसले होते. मी सगळं सांगितलं, या वेळी एकही आकडा न सांगता. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "डोळा मी बघनार. रोज न्हाय जमायचं, पर जवा येईन तवा मी बघनार. मी म्हनलो थांबा, की थांबायचं. आकड्याला इचारायचं न्हाय." मी कबूल केलं. मग त्यांनी कळपातून सहा निवडल्या, सगळ्यात फिक्या. एकीकडे बोट दाखवून म्हणाले की ही काळतोंडीची लेक.

मेंढ्यांना औषध दिलं तेव्हा मार्गशीर्ष संपत आला होता. शेडमधल्या हौदाखाली आम्ही रबराची जाड चटई घातली होती. सोमवारीही पाणी गप्प. दहाव्या दिवशी महांतेशने लेंड्यांतली अंडी मोजायला घेतली. बराच वेळ मायक्रोस्कोपवरून मान वर केली नाही. मग म्हणाला, मॅडम, माझा डोळा खराब झालाय का बघा. मी बघितलं. जवळजवळ काहीच नव्हतं. डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी बघितलं, आणि त्या भल्या, शांत माणसाने टेबलावर अशी थाप मारली की प्लेटी उडाल्या.

पुढचं थोडक्यात सांगते. वरचा मजला माझ्याकडेच राहिला. पॅकिंगने समोरच्या शेडमध्ये जागा घेतली. आता आम्ही वर पाच जण आहोत. औषध अजून बाजारात नाही, मोठ्या चाचण्या वेगवेगळ्या तालुक्यांतल्या कळपांवर चालू आहेत, आणि हे काम सावकाशच होतं. बेंगळुरूच्या सल्लागारांना मी सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, आम्ही दर महिन्याला विचारत होतो! खरंच विचारत होते. आता आमच्या तक्त्यात पहिलाच रकाना वाराचा आहे, आणि नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी शेजारच्या कारखान्यात उभं करून आणते. काल्पनिक औषधांच्या जगात राहणाऱ्यांनी आपल्या पायाखालची जमीन एकदा तरी कान देऊन ऐकावी, एवढंच मी या धंद्यात शिकले.

पण मला आठवतो तो विसावा दिवस. जत्रेच्या आदल्या आठवड्यातला सोमवार. मामा किटली घेऊन आले, ती महांतेशच्या हातात दिली आणि थेट शेडमध्ये गेले. आम्ही तिघं, डॉक्टर, महांतेश आणि मी, दाराशी थांबलो. अंड्यांचा आकडा माझ्या खिशातल्या कागदावर होता, तो मी बाहेर काढला नाही. माग चालू होते. आता मला ते ऐकू येत होते. मामांनी पहिल्या मेंढीची मान काखेत धरली, अंगठ्याने पापणी ओढली, बघितलं, सोडली. दुसरी. तिसरी. चेहऱ्यावर काही नाही. काळतोंडीची लेक त्यांनी शेवटी घेतली, तिला उजेडाकडे वळवलं आणि दोन्ही डोळे बघितले. पुन्हा पहिला बघितला.

"या, ताई," म्हणाले.

मी जवळ गेले. पापणीच्या आत तांबडं होतं, डाळिंबाच्या दाण्यासारखं तांबडं. मी काही बोलायच्या आत मामांनी मेंढी सोडून दिली आणि माझ्या तोंडाकडे निरखून बघायला लागले.

"तुमचा डोळा दावा की."

मी माझ्याच बोटाने खालची पापणी ओढली. मामा वाकले, नीट बघितलं, दुसरा डोळा दाखवायला सांगितला. मग डॉक्टरांकडे वळून म्हणाले, "मेंढरू झालं बरं. ही बाई लई पांढरी पडल्या. चार म्हैन्यात धड जेवल्याली दिसत न्हाय." आणि त्यांनी खांद्यावरच्या पिशवीतून फडक्यात बांधलेली भाकरी काढली, हौदाच्या कट्ट्यावर ठेवली, आणि मी खाईपर्यंत तिथून हलले नाहीत.